थांबण्याचा अधिकार

हाताचे काम श्रेष्ठ की यंत्राचे, हा वाद गेली दोनशे वर्षे चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे बहुतेक सारे बोलून झाले आहे. एका पक्षाला यंत्रात माणसाची गुलामगिरी दिसते, दुसऱ्याला त्याची मुक्ती. वाद इतक्या मोठ्या शब्दांत चालतो की तो संपण्याचा संभवच उरत नाही. ‘हात’ म्हणजे कोणाचा हात आणि कोणत्या कामातला, ‘यंत्र’ म्हणजे सूतगिरणी की शिवणयंत्र, हे कोणी आधी ठरवून घेतलेले नसते. अशा वेळी एखादे अगदी लहान उदाहरण हाती धरावे आणि त्याचा तळ गाठण्याचा प्रयत्न करावा, हे बरे. लहान उदाहरणात पळवाटा कमी असतात.

मी घेतो ते उदाहरण गिटारच्या पोटातल्या लाकडी पट्ट्यांचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी गिटार पाहिली असेल, काहींनी वाजवलीही असेल. पण या पट्ट्या पाहिलेली माणसे थोडी. त्या बाहेरून दिसत नाहीत. वाटोळ्या भोकातून आरसा घालून पाहिले तरच त्यांचे दर्शन घडते.

गिटारची वरची फळी, जिच्यातून तिचा स्वर उमटतो ती, पोलादी तारांच्या वाद्यात जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. तारांचा एकूण ताण मात्र ७०-७५ किलोंच्या घरात जातो. नुसती फळी या ताणाखाली टिकणार नाही. म्हणून तिच्या आतल्या अंगाला स्प्रूस नावाच्या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या सरसाने चिकटवतात. या पट्ट्यांकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. त्यांनी फळीला वाकू देऊ नये, आणि तिला थरथरण्यापासून अडवूही नये. पट्ट्या जाड ठेवल्या तर वाद्य शंभर वर्षे टिकेल आणि शंभर वर्षे मुके राहील. त्या फार पातळ केल्या तर काही काळ ते सुंदर वाजेल आणि मग फळीला पोक येईल. चांगली गिटार या दोहोंच्या मधल्या एका अरुंद जागी उभी असते.

ही जागा शोधण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. स्पेनमधील अल्मेरियाचे आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७-१८९२) यांनी पंख्याच्या काड्यांसारख्या पसरणाऱ्या सात पट्ट्यांची रचना रूढ केली. गिटारचा आवाज मुख्यतः वरच्या फळीत असतो हे दाखवण्यासाठी त्यांनी १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. त्याच शतकात, १८४० नंतरच्या दशकात, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील मार्टिन यांच्या कारखान्यात दोन लांब पट्ट्या फुलीच्या आकारात एकमेकींना छेदणारी रचना आली. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारी आजही त्याच फुलीवर उभ्या आहेत.

आता या पट्ट्यांचे एक गणित वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढच्या साऱ्या विचाराचा भार त्याच्यावर आहे. पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, परंतु उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. उंची निम्मी केली तर तो एक-अष्टमांश उरतो. १५ मिलिमीटर उंचीच्या पट्टीवरून अवघे दीड मिलिमीटर लाकूड उतरवले की तिचा सुमारे २७ टक्के ताठपणा नाहीसा होतो. आणि एकदा उतरवलेले लाकूड परत लावता येत नाही. लेखकाला खोडता येते, चित्रकाराला वर रंग चढवता येतो; पट्टी घासणाऱ्याला फक्त काढता येते. त्याच्या कलेचा मर्म हा की कोठे थांबावे.

परंपरेने हे काम रंधा आणि पटाशी यांनी होई. १९६६ साली आयर्व्हिंग स्लोन यांचे गिटार बांधण्याविषयीचे पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले, १९७२ मध्ये तेथील वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा येथे तंतुवाद्य करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला, आणि जी विद्या पूर्वी बापाकडून मुलाकडे जाई ती घरच्या पडवीत काम करणाऱ्या हौशी माणसांच्या हाती आली. या माणसांजवळ पिढीजात हात नव्हता. परंतु विद्युत्-मोटर होती, आणि काहीतरी जुळवून पाहण्याची खोड होती. त्यांनी घरीच घासण्याची यंत्रे केली.

ही यंत्रे दिसायला ओबडधोबड असतात. प्लायवूडच्या वाटोळ्या चकत्या एका पोलादी दांड्यावर ओवून, चिकटवून त्यांचा रूळ करायचा; दोन टोकांना बेअरिंगे; जुन्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर; पुली आणि पट्टा. रुळावर काचकागद, म्हणजे आपले सुतार ज्याला पॉलिश पेपर म्हणतात तो, गुंडाळायचा. रूळ आरंभी पुरता गोल नसतो. तो फिरत असतानाच काचकागद लावलेली एक सपाट फळी खालून हळूहळू वर आणतात, आणि रूळ आपल्याच बेअरिंगांवर फिरता फिरता गोल होतो. दुसरे एक साधन परातीसारखे उथळ असते. गिटारची वरची फळी वस्तुतः सपाट नसते. तिला किंचित फुगवटा असतो, बहुधा २५ फूट त्रिज्येच्या गोलाचा. त्या हिशेबाने ४० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीच्या मध्याला सुमारे २.६ मिलिमीटरची कमान येते. तेवढ्याच खोलीची परात करून तिच्यात काचकागद चिकटवतात, ती मोटरीवर कुंभाराच्या चाकासारखी फिरवतात, आणि पट्टीची चिकटण्याची बाजू तिच्यावर धरतात. हाताने रंधा मारीत, पुन्हापुन्हा साच्याशी ताडून पाहत जे काम करावे लागते ते थोड्या वेळात उरकते, आणि कमान बिनचूक येते.

येथे प्रश्न उभा राहतो. अशा यंत्राने घडवलेली पट्टी त्या माणसाची खरी कारागिरी होय काय? शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतात, नव्हे. काम मोटरीने केले, माणसाने लाकूड धरले इतकेच. दुसरे म्हणतात, कान काही पट्टीला विचारीत नाहीत की तू कशाने घासली गेलीस. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात.

पहिल्या उत्तराची अडचण ही की रंधाही एक यंत्रच आहे. त्याचे पाते ठरावीक कोनात बसवलेले असते, ठरावीक खोलीपलीकडे ते जात नाही. नुसत्या पटाशीला जी भीती असते ती त्याला नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात ‘हाताने केलेले’ हा शब्दप्रयोगच बाजूला ठेवून त्याऐवजी एक वेगळा भेद सुचवला. काही कामांत प्रत्येक क्षणी बिघडण्याचा धोका असतो आणि परिणाम कर्त्याच्या लक्षावर अवलंबून राहतो. काहींत परिणाम आधीच बांधलेला असतो. एक जोखमीची कारागिरी, दुसरी खात्रीची. हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो, कारण त्याने भांडण अवजारावरून उठून माणसाच्या अवधानावर येते.

या दृष्टीने आपल्या पट्टीकडे पाहिले तर तिच्यात दोन निरनिराळी कामे आहेत असे आढळते. खालची कमान २५ फुटांच्या गोलाची हवी, याचे उत्तर लाकडाला हात लावण्यापूर्वीच ठाऊक आहे. ते मोजता येते, तपासता येते, आणि कोणीही तपासले तरी तेच येते. पट्टी चिकटल्यानंतर तिचा माथा किती उतरवावा, टोकांना किती निमुळते करावे, मध्ये कोठे खोलगट करावे, याचे उत्तर मात्र आधी कोणापाशीच नसते. एकाच झाडाच्या दोन फळ्यांना ते वेगळे असते. कारागीर थोडे उतरवतो, फळी बोटांत हलकेच धरतो, टिचकी मारून ऐकतो, अंगठ्याने दाबून पाहतो, पुन्हा थोडे उतरवतो. आपले रहस्य आपल्याबरोबरच जाणार, कारण ते फळी तपासणाऱ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे, अशा अर्थाचे तोर्रेस बोलल्याचे त्यांच्या एका परिचित धर्मगुरूने लिहून ठेवले आहे. यात गूढ असे काही नाही. जे उत्तर त्या एका फळीतच आहे ते त्या फळीलाच विचारावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा यंत्राची मर्यादा सहज सांगता येईल असे वाटते. उत्तर ठाऊक असेल तेथे यंत्र, नसेल तेथे हात. परातीवर कमान खुशाल घासावी. माथा मात्र पटाशीने उतरवावा. पुष्कळ शहाणे कारागीर असेच करतात. पण प्रश्न इतक्यावर मिटत नाही, आणि तो का मिटत नाही हे पाहणे उद्‌बोधक आहे.

अवजार केवळ लाकूड काढीत नाही. ते लाकडाविषयी काही सांगतही असते. रंधा रेषांच्या दिशेने चालला तर गुळगुळीत चालतो आणि त्यातून लांब, पातळ ढलपी निघते. रेषांविरुद्ध गेला तर अडखळतो, लाकूड उचकटतो. या अडखळण्यातून कारागिराला कळते की या पट्टीच्या रेषा तिच्या लांबीला समांतर नाहीत, तिरक्या बाहेर पडत आहेत. म्हणजे पट्टी दिसते तितकी बळकट नाही. काचकागदाला हे काहीच कळत नाही. उभी रेषा, आडवी रेषा, तिरकी रेषा, त्याला सारे सारखे. तो सर्वांची सारखीच पूड करतो, आणि घासून झालेली कच्ची पट्टी निर्दोष पट्टीइतकीच तुकतुकीत दिसते. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ च्या आपल्या ग्रंथात आंधळ्याच्या काठीचा दृष्टांत घेतला आहे. काठी वापरणाऱ्याला तळहातावरचा दाब जाणवत नाही. काठीच्या टोकाशी असलेली जमीन जाणवते. रंधा हा सुताराची काठी आहे. फिरता रूळ काम करतो, पण काठी होत नाही. ठाऊक असलेल्या उत्तराचे काम यंत्राकडे दिले की त्या कामाच्या ओघात मिळणारे, न मागितलेले ज्ञानही आपण सोडून देतो.

याचा एक शारीरिक पडसादही आहे. रंध्याखालून ढलपी निघते. ती झाडून टाकता येते. काचकागदाखालून पूड निघते आणि ती छातीत जाते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केला. म्हणून घरी यंत्र करणाऱ्या जाणत्या माणसाला रुळाबरोबर धूळ ओढणारा पंखाही करावा लागतो. वाचवलेल्या श्रमाची किंमत कोठेतरी द्यावी लागतेच. ती कोण देतो, एवढेच पाहायचे असते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ‘उत्तर ठाऊक आहे’ आणि ‘उत्तर ठाऊक नाही’ यांच्यामधली सीमा निसर्गाने आखून दिलेली नाही. ती माणूस आखतो, आणि सोयीप्रमाणे सरकवतो. मार्टिन यांच्या कारखान्याचेच उदाहरण पाहा. तेथे पट्ट्या मध्ये खोलगट करून हलक्या करण्याची पद्धत होती. लोक अधिकाधिक जाड तारा लावू लागले, फळ्यांवर ताण येऊ लागला, आणि १९४४ च्या सुमारास कारखान्याने ही पद्धत थांबवून पट्ट्या सरळ उताराच्या ठेवल्या. तीस-एक वर्षांनी, १९७६ मध्ये, जुन्या आवाजाची मागणी पाहून खोलगट पट्ट्यांचा एक नमुना पुन्हा काढला. १९४४ चा निर्णय मला दोषार्ह वाटत नाही. अनोळखी गिऱ्हाईक कोणती तार लावील हे ज्याला ठाऊक नाही त्याने सुरक्षित बाजूला राहावे, हीदेखील एक नीतीच आहे. परंतु घडले काय ते नीट पाहिले पाहिजे. जो प्रश्न प्रत्येक फळीला वेगळा विचारायचा होता, त्याला सर्व फळ्यांसाठी एकच उत्तर ठरवले गेले. कागदावर ते उत्तर चुकीचे नव्हते. पण त्यानंतर त्या एका बाबतीत कारागिराने फळीला विचारण्याचे कारणच संपले.

घरी यंत्र करणाऱ्याचे तसे नाही, आणि त्याच्या यंत्रात मला नैतिकदृष्ट्या लक्षणीय वाटते ते हेच. महात्मा गांधींचा यंत्राला विरोध सर्वांना ठाऊक आहे. पण १९२४ साली एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते, कारण त्यामागे पत्नीचे कष्ट वाचवण्याची माया होती असे ते समजत. त्यावर त्यांना विचारले गेले की हे यंत्र करायला कारखाना लागेलच, मग त्याचे काय? गांधींनी उत्तर दिले की असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत आणि ते लोकहितासाठी चालावेत. घरच्या यंत्राने या आक्षेपाचे अर्धे उत्तर दिले आहे असे वाटते. अर्धे अशासाठी की मोटर, बेअरिंग, काचकागद ही कारखान्यातूनच येतात. ‘घरी केलेले’ असते ती केवळ त्यांची मांडणी. परंतु मांडणी म्हणजेच निर्णय. रूळ किती वेगाने फिरावा, लाकूड कोठवर जावे, कोणता अडसर त्याला अडवील, हे ज्याने ठरवले त्याच्याच हातात ते लाकूड आहे. विकत घेतलेल्या यंत्रात दुसऱ्या कोणाचे तरी निर्णय पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेले असतात. आपण ते नकळत पाळतो. स्वतः केलेल्या यंत्रात आपलेच निर्णय आपल्यासमोर उघडे पडलेले असतात, आणि खिळा काढून बदलताही येतात. त्याचा अडसर चुकला तर दोष द्यायला दुसरा कोणी सापडत नाही.

उरतो तो सर्वांत कठीण प्रश्न. ज्याने कधी रंधा धरलाच नाही, ज्याने आरंभच रुळापासून केला, त्याला थांबावे कोठे हे कोण शिकवील? पटाशीने माथा उतरवणारा हात हजार कंटाळवाण्या फटकाऱ्यांतून तयार झालेला असतो. ते फटकारे यंत्राला देऊन टाकले आणि शेवटचे नाजूक काम तेवढे हातासाठी राखून ठेवले, तर तो हात त्या कामाला पोचणार कसा? आपल्या मिरजेत याच जातीची एक विद्या आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तंबोरे आणि सतारी करू लागले. २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस आणि कागद फिरवून जवारी काढतात, तेव्हाही प्रश्न हाच असतो की किती घासावे आणि कोठे थांबावे. तार लावून ऐकायचे, सैल करून किंचित घासायचे, पुन्हा ऐकायचे. शस्त्राची धार पाहणारा हात स्वराची धार पाहू लागला, यात मला आश्चर्य वाटत नाही. पोलादाने त्याला आधीच शिकवून ठेवले होते की एक घासा जास्त झाला तर पाते गेले.

म्हणून कष्टाच्या कामाकडे केवळ वाया जाणारा वेळ म्हणून पाहणे मला चूक वाटते, आणि ते सर्वांनी सर्वकाळ करीतच राहावे असे म्हणणेही तितकेच चूक वाटते. ज्याचे मनगट दुखते, ज्याला दिवसाकाठी दोनच तास मिळतात, त्याला रुळाचा आधार नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. पण शिष्याला पहिल्या दोन-चार गिटारी रंध्यानेच करायला लावणारा गुरू जुनाट ठरत नाही. तो त्याला लाकडाची भाषा शिकवीत असतो. ती आली म्हणजे यंत्र त्याने खुशाल वापरावे. ती न येता वापरले तर यंत्र त्याला फक्त वेग देईल. आणि ज्या कामात दीड मिलिमीटरला एवढी किंमत आहे, त्यात वेग म्हणजे चूक लवकर होण्याची सोय.

मोठ्या वादाकडे परत वळताना एवढे म्हणता येईल, की एखादे काम माझे आहे की नाही हे माझ्या स्नायूंनी त्यात किती भाग घेतला यावर ठरत नाही. ज्या क्षणी थांबायला हवे तो क्षण ओळखण्याची जबाबदारी माझ्याकडे राहिली आहे काय, यावर ते ठरते. यंत्र वापरूनही ती माझ्याकडे राहू शकते. हाताने काम करूनही, केवळ ठरलेल्या मापाला प्रमाण मानून, ती मी टाकून देऊ शकतो. गिटारची पाठ चिकटवली की पट्ट्या कायमच्या झाकल्या जातात. त्या कोणी कशा उतरवल्या, कोठे हात आवरला, हे पुढे सहसा कोणी पाहत नाही. वाजवणाऱ्याला ते माहीत नसते, ऐकणाऱ्याला तर नसतेच. एका माणसाला ते माहीत असते, आणि पुढच्या फळीला हात लावताना त्याला त्याची आठवण असते.